पहिला तुकडा पाण्याचा

घर पाहावें बांधून, अशी म्हण आहे. पण ज्या जागेवर तें बांधावयाचें ती केव्हां पाहावी, हें म्हणींत सांगितलेलें नाहीं. बहुतेक कुटुंबें ती उन्हाळ्यांत पाहतात. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, हातीं थोडी सवड असते, आणि वैशाखांत मोटारगाडी थेट शेताच्या बांधापर्यंत जाऊं शकते. अशा दिवसांत ओझरच्या शिवारांत गेलेल्या गृहस्थास काय दिसतें? चुन्याच्या फक्कीनें आंखलेले चौकोन, कोपर्‍यांवर पुरलेले दगड, मधून गेलेला मुरमाचा रस्ता, आणि एका कडेला बाभळींच्या रांगेखालीं पसरलेलें एक कोरडें लवण. दलाल सांगतो, "त्याची काळजी नको, साहेब. तेथें नळे टाकून वर रस्ता होणार आहे." गृहस्थ मान डोलावतात, त्यांची पत्नी पूर्व दिशा कोणती तें विचारून घेते, आणि जन्मभराच्या शिलकीचा व्यवहार अर्ध्या तासांत ठरतो. त्या लवणांतून श्रावण-भाद्रपदांत काय वाहतें, हें विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. आणि विचारल्यावांचून कोणी सांगत नाहीं.

ओझर हें निफाड तालुक्यांतील बाणगंगेच्या कांठचें गांव. नाशिकहून आग्रा रस्त्यानें तें सुमारें २० किलोमीटर पडतें. तांब्याचीं भांडीं घडविणार्‍या कारागिरांवरून त्याला पूर्वीं 'तांबट ओझर' म्हणत. १९६४ सालीं येथें मिग विमानांचा कारखाना निघाला आणि तांबट ओझरचें 'ओझर मिग' झालें. हिंदुस्थान एअरोनॉटिक्सनें आपल्या कामगारांसाठीं स्वतंत्र वसाहत वसविली. पुढें प्रवासी विमानांची सोय झाली, महामार्ग रुंद झाला, ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली. नाशिकमधील जागांचे भाव ज्यांच्या आवांक्याबाहेर गेले, अशीं मध्यम स्थितींतील कुटुंबें या बाजूस वळूं लागलीं, आणि द्राक्षांच्या मळ्यांशेजारीं बिनशेतीचे तुकडे पडूं लागले. यांत वावगें कांहीं नाहीं. वाढत्या लोकवस्तीस घरें हवींत, आणि शेतकर्‍यालाहि आपल्या जमिनीचा मोबदला मिळावयास हवा. प्रश्न एवढाच, कीं हे तुकडे पाडतांना पाण्याचा हिस्सा धरला जातो काय?

शेताचे तुकडे पडले म्हणजे पाण्याच्या वाटेंत काय फरक पडतो, याचा हिशेब कठीण नाहीं. एक एकर जमिनीवर तासाभरांत ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर सुमारें २ लाख लिटर पाणी पडतें. नांगरलेल्या शेतांत त्यांतील बरेंच पाणी माती पिते, कांहीं सरींत थबकतें, कांहीं बांधाशीं अडतें. उरलेलें सावकाश लवणाकडे जातें. त्याच एकरावर छपरें, फरशा आणि काँक्रीटचे रस्ते आले, कीं पडलेलें बहुतेक पाणी वाहूं लागतें. शेतजमिनीवरून पावसाचा सुमारें तिसरा हिस्सा, तर दाट वस्तीवरून तीन-चतुर्थांश किंवा त्याहूनहि अधिक हिस्सा वाहून जातो, असें स्थूलमानानें इंजिनिअर धरतात. शिवाय गुळगुळीत रस्त्यांवरून आणि गटारांतून हें पाणी फार लवकर खालीं पोहोंचतें. म्हणजे पाऊस तोच, पण लवणाला पूर्वींच्या दुपटीहून अधिक पाणी, तेंहि थोड्या वेळांत, सोसावें लागतें.

आणि नेमकें अशाच वेळीं तें लवण अरुंद केलेलें असतें. उघड्या ओहोळाच्या जागीं सिमेंटचे नळे घालून वर रस्ता करण्याचा प्रघात पडला आहे. येथें एक समजूत मोठी फसवी आहे. नळ्याचा व्यास अर्धा केला तर पाणीहि अर्धें जाईल, असें वाटतें. वस्तुतः त्याच उतारावर तें सहाव्या हिश्शाहूनहि कमी जातें. एक मीटर व्यासाच्या एका नळ्याचें काम अर्ध्या मीटरच्या दोन नळ्यांनीं होत नाहीं. सहा घातले तरी थोडें उणेंच पडतें. त्यांत काट्याकुट्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि गाळ तोंडाशीं अडकला, कीं नळा बुजतो आणि वरचा रस्ता बंधारा बनतो. रस्त्याच्या वरल्या अंगाचीं घरें मग त्या बंधार्‍याच्या पोटांत सांपडतात.

नदीच्या पुराची ओळख नाशिककरांस जुनी आहे. गोदावरीच्या पात्रांतील दुतोंड्या मारुति हें तेथील लोकांचें पुराचें माप. पाणी मारुतीच्या कमरेला लागलें, छातीला लागलें, डोक्यावरून गेलें, अशा शब्दांत शहरांत पुराची वार्ता पसरते. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या सालांचे पूर लोकांच्या स्मरणांत आहेत. यांतील शेवटच्या दोन पुरांत निफाड तालुक्यांतील सायखेडा आणि चांदोरी या गोदाकांठच्या गांवांत पाणी शिरून घरेंदारें, दुकानें आणि उभीं पिकें पाण्याखालीं गेलीं. ओझरची बाणगंगाहि सुकेण्यावरून पुढें गोदावरीकडेच जाते. मोठी नदी तुडुंब असतां तिला मिळणारें पाणी तुंबतें, आणि मागें सरकूं लागतें.

मारुतीवरून पाणी किती चढलें तें कळतें; तें पुन्हां कितीदां चढेल तें कळत नाहीं. त्याचा अंदाज घेऊन राज्याच्या पाटबंधारे खात्यानें १९८९ सालीं नदीकांठच्या जमिनींसाठीं दोन रेषांची पद्धति घालून दिली. सरासरीनें २५ वर्षांतून एकदां येणारा पूर जेथवर पोहोंचतो ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदां येणार्‍या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आंत वस्तीस मनाई, दोन रेषांमधील पट्ट्यांत निर्बंध, हें तिचें सूत्र. या शब्दांनीं मात्र सुशिक्षितांचाहि गैरसमज होतो. 'शंभर वर्षांतून एकदां' हें ऐकलें, कीं एकदां येऊन गेलेला पूर आतां पणतवंडांच्या काळींच येईल, असें वाटतें. त्याचा खरा अर्थ, कोणत्याहि एका वर्षीं तो येण्याचा संभव शंभरांत एक, एवढाच आहे. नदी मागल्या वर्षाचा जमाखर्च ठेवीत नाहीं. घराचें आयुष्य नुसतें ३० वर्षें धरलें, तरी त्या अवधींत लाल रेषेचा पूर निदान एकदां येण्याचा संभव शेंकडा २६ पडतो, आणि निळ्या रेषेच्या पुराचा शेंकडा ७१. जी पेढी बुडण्याचा संभव शेंकडा २६ आहे, तींत कोणता गृहस्थ आपली ठेव ठेवील? आणि हे अंदाज गेलेल्या काळाच्या पावसावरून बांधलेले असतात. पृथ्वीचें हवामान तापत चाललें असून थोड्या वेळांत मुसळधार पाऊस कोसळण्याचे प्रसंग वाढत आहेत. तेव्हां जुन्या रेषेवर नवा विश्वास ठेवतांना सावधगिरी हवी.

हें झालें नदीचें. परंतु नव्या वसाहतींचा खरा वैरी पुष्कळदां नदी नसून तिला मिळणारा लहानसा ओहोळ असतो. नदीला नांव असतें, तिचे घाट असतात, तिची पूजा होते. ओहोळाला कोणी विचारीत नाहीं. पुणें शहराचा अनुभव या बाबतींत बोलका आहे. १९६१ सालीं जुलैच्या १२ तारखेस पानशेतचें धरण फुटलें आणि मुठेच्या लोंढ्यानें कांठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या. त्या पूरग्रस्तांसाठीं शहराच्या कडेला गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहती वसल्या. नदीपासून दूर, म्हणून त्या निर्धास्त मानल्या गेल्या. पण सहकारनगराजवळून कात्रजकडून येणारा आंबील ओढा वाहतो. पुढील ५० वर्षांत त्याच्या दोन्ही कांठांवर वस्ती दाटत गेली, भिंती पुढें सरकल्या, पात्र आंखडलें. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं कांहीं तासांच्या पावसानें तो ओढा अरण्येश्वर आणि सहकारनगर या भागांत घराघरांतून वाहिला. पुणें शहर व आसपासच्या भागांत त्या रात्रीं वीसाहून अधिक माणसें दगावलीं. नदीच्या पुरांतून उठविलेल्या लोकांच्या नव्या वस्तीजवळ ओढ्यानें त्यांच्या पुढल्या पिढ्यांना गांठावें, याहून विषादाची गोष्ट कोणती?

याच ओढ्याची एक जुनी हकीकतहि आहे. अठराव्या शतकांत पुणें वाढूं लागलें, तेव्हां नानासाहेब पेशव्यांनीं शहराच्या मधून जाणारा हा ओढा पर्वतीच्या पायथ्याशीं अडवून तेथें तळें केलें, आणि त्याचा प्रवाह पश्चिमेकडून वळवून मुठेस मिळविला. आधीं पाण्याची व्यवस्था लागली, मग मोकळ्या झालेल्या जमिनीवर शहर वाढलें. पाणी हलवितां येत नाहीं असें नाहीं; पण तें हलवावयाचें तर त्याला जातां येईल अशी दुसरी वाट आधीं द्यावी लागते. नळे टाकून वर माती ढकलणें, याला वाट देणें म्हणत नाहींत.

कायदा याविषयीं मुका नाहीं. २०२० सालीं राज्यांतील बहुतेक नगरांसाठीं एकत्रित विकास नियमावली मंजूर झाली. नाल्यासारख्या लहान प्रवाहाच्या कांठापासून ६ मीटर आणि नदीसारख्या मोठ्या प्रवाहाच्या कांठापासून १५ मीटर जागेंत बांधकाम करतां येत नाहीं. नदी व निळी रेषा यांमधील जमीन बागा, क्रीडांगणें अशा मोकळ्या उपयोगासाठींच ठेवावयाची. निळ्या व लाल रेषांच्या मध्यें बांधावयाचें तर घराचें जोतें लाल रेषेच्या पातळीहून निदान ४५ सेंटिमीटर उंच हवें. आणि ज्या जमिनीचें क्षेत्र ४००० चौरस मीटर किंवा अधिक, म्हणजे सुमारें एक एकर वा जास्त आहे, तिच्या रेखांकनांत शेंकडा १० जागा मोकळी सोडावयाची.

तथापि एवढ्यानें भागत नाहीं, कारण कायदा एकेका गटाचा नकाशा पाहतो आणि पाणी साऱ्या शिवाराचा उतार पाहतें. वरल्या गटानें आपल्या हद्दींत नियम पाळून रस्ते-गटारें केलीं, तरी त्यांचें वाढलेलें पाणी खालच्या गटाच्या नळ्यांत मावेल कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं. एकानें आपला सखल भाग मुरूम टाकून दोन हात उंच केला, तर त्याचें घर वांचतें; पण जें पाणी तेथें पसरत होतें, तें नाहींसें होत नाहीं, शेजार्‍याच्या अंगणांत जातें. जोतें उंच असलें म्हणून घर कोरडें राहील. पण गरोदर बाईला किंवा आजारी म्हातार्‍याला इस्पितळांत न्यावयाचा रस्ताच पाण्याखालीं असेल, तर त्या उंच जोत्याचा उपयोग काय? आणि मोकळी सोडावयाची शेंकडा १० जागा बहुधा ज्या कोपर्‍यांत प्लॉट पडत नाहीं तेथें ढकलली जाते. ती जागा उंचवट्यावर कोरडी राहते आणि घरें लवणांत उभीं राहतात.

म्हणून नवी वसाहत आंखतांना क्रम उलटा करावयास हवा. आज आधीं प्लॉट पाडतात, मग रस्ते जुळवितात, आणि उरेल त्या फटींतून पाण्याला काढून देतात. योग्य क्रम असा, कीं जमिनीची उंची-सखली मोजून पाण्याच्या वाटा नकाशावर प्रथम काढाव्या. ओहोळाचें पात्र आणि त्याच्या दोन्ही कांठांचा पट्टा हा पहिला तुकडा समजून पाण्याच्या नांवें राखावा. त्याला लागूनच वसाहतीची मोकळी जागा ठेवावी. ही जागा आठ-नऊ महिने मुलांचें क्रीडांगण आणि वृद्धांची फिरावयाची वाट होईल. मुसळधार पावसांत तेथें हात-दीड हात पाणी कांहीं तास थांबेल आणि मग ओसरून जाईल. रस्त्यांना पाण्याच्या वाटा शक्य तेथें ओलांडूं देऊं नयेत. ओलांडावयाच्याच असतील तर नळ्यांऐवजीं मोकळ्या मोर्‍यांचे पूल बांधावे, आणि त्यांचें माप आजच्या शेतांवरून नव्हे, तर वरचें सारें शिवार उद्यां वस्तीनें भरल्यावर जें पाणी येईल त्यावरून ठरवावें. छपरांचें पाणी विहिरींत व शोषखड्ड्यांत सोडावें. काळी माती एकदां फुगली म्हणजे पाणी फारसें पीत नाहीं. म्हणून मुरूम लागेपर्यंत खड्डा खोल न्यावा लागतो.

जगांतील शहाण्या देशांसहि हें उशिरां सुचलें. हॉलंडसारख्या देशानें शतकानुशतकें बांध घालून नद्या कोंडल्या. पण १९९५ सालीं पुराच्या भीतीनें सुमारें अडीच लाख लोकांना घरें सोडावीं लागलीं, तेव्हां त्या सरकारनें आपलें धोरण बदललें. नुसते बांध उंच करण्याऐवजीं तीसाहून अधिक ठिकाणीं बांध मागें घेऊन, कांठ खोदून नदीला जागा परत देण्यांत आली. दिलेली जागा परत घेण्यासाठीं तेथें अपार पैसा खर्च झाला. ओझरसारख्या ठिकाणीं बरीचशी जागा अजून कोणाला दिलेली नाहीं. ती राखणें स्वस्त आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाहीं. ज्या शेतकर्‍याच्या दोन एकरांतून ओहोळ जातो, त्याच्या पदरीं काय? समजा, ओहोळ त्याच्या शेतांतून १०० मीटर वाहतो. दोन्ही कांठांस सहा-सहा मीटर सोडले, तर १२०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १२ गुंठे जागा गेली. ८० गुंठ्यांच्या धन्याला हा सातवा हिस्सा. शेजार्‍याचें शेत सपाट म्हणून त्याला कांहीं तोटा नाहीं, आणि याच्या शेतांत ओहोळ आहे हा याचा अपराध नव्हे. हा सगळा भार त्याच्या एकट्याच्या माथीं मारला, तर तो रात्रींतून लवण बुजवील. आणि तसें होतेंहि. ज्या वरल्या वसाहतींचें पाणी त्याच्या शेतांतून जावयाचें, त्यांनीं या जागेच्या मोलांत वांटा उचलावा. नगरपरिषदेनें ती जागा सर्वांच्या उपयोगाची म्हणून सांभाळावी. दुसरीहि एक गोष्ट विसरतां कामा नये. सखल प्लॉट स्वस्त असतो, म्हणून ज्याच्याजवळ सर्वांत कमी पैसा, तोच तेथें घर बांधतो. आणि पुरांत एकदां गेलेला संसार पुन्हां उभारण्याची ताकदहि त्याचीच सर्वांत कमी असते.

वरच्यानें आणि खालच्यानें एकत्र बसून पाण्याचा हिशेब करावा, ही गोष्ट ओझरला शिकवावयास बाहेरून कोणी यावयास नको. वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटास असलेल्या येथील शेतकर्‍यांपर्यंत एके काळीं पाणीच पोहोंचत नसे. तेव्हां बापू उपाध्ये, भरत कावळे आणि त्यांच्या सहकार्‍यांच्या समाज परिवर्तन केंद्रानें शेतकर्‍यांच्या पाणी-वापर संस्था काढल्या. १९९० च्या सुमारास सुरू झालेल्या या संस्थांनीं सरकारकडून पाणी मोजून घेतलें, आपसांत मोजून वांटलें, नाल्यांवरील बंधारे भरून विहिरींचें पाणी वाढविलें. आणि पुढें सबंध वाघाड प्रकल्पाचा कारभार अशा संस्थांच्या हातीं आला. कालव्यावर वरचा अधिक घेतो म्हणून खालचा वाळतो. ओहोळावर वरचा अधिक सोडतो म्हणून खालचा बुडतो. भांडण एकच आहे. पाणी कमी पडलें तेव्हां ज्या गांवानें तें मोजून मिटविलें, त्याला पाणी जास्त झालें असतां तेंच करतां येणार नाहीं असें नाहीं. एकेका ओहोळाच्या कांठच्या शेतकर्‍यांनीं, वसाहतींच्या सोसायट्यांनीं आणि नगरपरिषदेच्या इंजिनिअरांनीं एकत्र बसून त्या ओहोळाचा एकच नकाशा करावा आणि नव्या प्रत्येक रेखांकनास मंजुरी देण्यापूर्वीं तो पुढें ठेवावा, एवढेंच करावयाचें आहे.

घर घेणार्‍या गृहस्थासहि कांहीं करतां येईल. सातबारा पाहतो तसा गांवचा जुना नकाशा त्यानें पाहावा. त्यावर ओहोळ दाखविलेले असतात. नगरपरिषदेकडून पूररेषेची माहिती लेखी मागावी. शेजारच्या मळ्यांतील म्हातार्‍या माणसाला, मोठ्या पावसांत पाणी कोठवर येतें, तें विचारावें. बाभळीच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा किती उंचीवर आहे, तें बघावें. आणि उन्हाळ्यांत पसंत पडलेली जागा पैसे देण्यापूर्वीं एकदां श्रावणांतल्या संततधारेंत, छत्री घेऊन, पायीं जाऊन पाहावी. दलालानें त्या दिवशीं येण्यास टाळाटाळ केली, तर विचारावयाच्या प्रश्नाचें उत्तर तेथेंच मिळालें असें समजावें.